आठशेचं मीटर आणि बाबांची पेट्रोलची वही

आमच्या मारुती ८०० चं ओडोमीटर, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते दाखवणारे आकडे, ८८,४१६ वर थांबलं होतं. वेगाचा काटा मात्र ठणठणीत. गाडी बाबांची, १९९८ची, कार्बोरेटरवाली. १५ वर्षं झाल्यावर दर ५ वर्षांनी आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून आणायची, हा त्यांचा सण. त्यामुळे ‘विकून टाका’ हा पर्याय आमच्या घरी कोणी तोंडातून काढत नाही.

काटा चालतो आणि आकडे थांबतात, म्हणजे गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणारी, चाकांबरोबर फिरणारी केबल शाबूत आहे. दोन्ही बंद असते तर केबल तुटली किंवा गिअरबॉक्सकडचा गिअर गेला असं धरून चालले असते. काटा थरथरत असता तर केबल कोरडी पडली किंवा कुठेतरी मुडपली. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, बारावीला एडी करंट (चुंबक हलला की जवळच्या धातूत उठणारे भोवऱ्यासारखे प्रवाह) दरवर्षी फळ्यावर काढते, आणि हा सगळा धडा गेली कितीतरी वर्षं माझ्याच स्टिअरिंगमागे फिरत होता. केबल एक चुंबक फिरवते. त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला कुठेही न टेकलेली. फिरत्या चुंबकाने वाटीत प्रवाह निर्माण होतात, वाटी त्याच दिशेने ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते, आणि या रस्सीखेचीत काटा जिथे थांबतो तो आपला वेग. ओडोमीटरचं तसं नाही. तिथे त्याच दांड्यावरून निघालेले दातेरी गिअर आकड्यांची चाकं सरळ फिरवतात. त्यातला एखादा प्लॅस्टिकचा गिअर तडकला की आकडे थांबतात आणि काट्याला खबरही लागत नाही.

आणि प्लॅस्टिक तडकणारच. नागपुरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ला गेला होता, आणि आमच्याकडे शेड नाही, गाडी कायम उन्हात. काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत डॅशबोर्डचं काय होत असेल, ते दुपारी हात लावून बघा.

महालात एका गल्लीत जुने मीटर उघडणारे एक काका बसतात. मी मीटर काढूनच नेलं होतं. वरच्या झाकणाचे स्क्रू काढले, मागून केबलची खिट्टी दाबून सोडवली, वायरिंगचे कनेक्टर ओढले, झालं. काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि पहिला प्रश्न केला, “किती कमी करायचं, मॅडम?”

“कमी नाही, दुरुस्त करायचंय.”

“हो, पण उघडूनच राहिलो आहे तर. ४५ हजार करून देऊ?”

बरं, त्यांच्या आवाजात काही चोरटेपणा नव्हता. शिंपी उंची विचारतो तसं त्यांनी विचारलं. गिऱ्हाईकंच तशी येतात म्हणे. विकायच्या आधी आकडा उतरवणं ही सरळसरळ फसवणूक आहे, पण बाजारात तिला ‘मीटर सेट करणं’ म्हणतात आणि सगळे निवांत असतात.

काच निघाली, काळा मुखवटा निघाला. काट्याला त्यांनी हातही लावला नाही. काटा ओढला की स्प्रिंगचं गणित बिघडतं. आकड्यांच्या चाकांवर मऊ ब्रश फिरवला, कोरडाच, कारण स्पिरिट लावलं की छापलेले आकडे पुसून येतात. मग चिमट्याने एक फिकट पिवळा पडलेला गिअर बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा. एका दाताच्या मुळापासून मधल्या भोकापर्यंत केसाएवढी चीर. दांड्यावर तो जागच्या जागी घसरत होता, बस. ८०० चं उत्पादन २०१४ला बंद झालं, तेव्हा नवा गिअर मागायचा कोणाकडे? कामठी रोडवरच्या भंगारातून आणलेलं एक फुटकं मीटर काकांकडे होतं, त्यातला गिअर बसला. आकड्यांची चाकं मी आमचीच ठेवायला लावली.

मग मी म्हटलं, “आता आकडा पुढे करा.”

“पुढं? पुढं काहून?”

कारण मीटर बंद असताना गाडी चालतच होती. आणि बाबांची वही आहे. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, लिटर. आकडे थांबल्यापासून १४० लिटर झालं होतं, गाडीचं ॲव्हरेज त्याच वहीप्रमाणे १६, म्हणजे २,२४० किलोमीटर हिशेबाबाहेर. जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये किलोमीटरला केबलचे ६३७ फेरे धरतात. ड्रिल लावून मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरवत बसले तर जवळपास २४ तास लागतील. काकांनी दांडा सैल करून चाकं हातानेच ९०,६५६ वर आणली. सर्व्हिस बुकमध्ये जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि तारीख लिहून मी सही केली. केबलला ग्रीस लावताना मीटरकडची वीतभर कोरडी ठेवली, नाहीतर ग्रीस वर चढून त्याच वाटीत शिरतं.

रविवारी बाबांना घेऊन वर्धा रोडला गेले, बुटीबोरीच्या दिशेने. हायवेचे किलोमीटरचे दगड मोजायचे आणि मीटरशी ताळा करायचा. १० दगड झाले तेव्हा मीटर साडेनऊच्या आतच होतं. मला काकांवर संशय आला. मग गाडी बाजूला घेऊन खाली वाकून टायर वाचले: १४५/८०. आठशेला कंपनीचे येतात १४५/७०. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची; म्हणजे आमचं चाक मोठं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, मीटर बिचारं फेरेच मोजतं. फरक साडेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दगडांशी बरोबर जुळणारा.

“म्हणजे ॲव्हरेज १६ नाही?” बाबा.

“१७च्या जवळ आहे.”

‘पूर्वी १७ द्यायची, आता देत नाही’ म्हणून त्यांनी दोन मेकॅनिक बदलले होते. घरी आल्यापासून ते टायर बदलल्याची पावती शोधताहेत. तारीख सापडली की तेव्हापासूनचे साडेपाच टक्केही मीटरमध्ये टाकून आणायचे आहेत, आणि काकांकडे मलाच पाठवणार आहेत.