बोट तिथंच राहिलं

रविवार, रात्र.

आज चर्चमध्ये शास्त्रपाठ माझ्याकडे होता. बायबलातलं मत्तय ५, २१ ते २६. सहा वचनं. मी चार वाचली.

चुकून नाही. हे आत्ताच लिहून टाकते, म्हणजे उद्या मला स्वतःलाच वेगळं सांगता येणार नाही. बाविसावं वचन संपताना मान वर केली, ताई तिसऱ्या बाकावर दिसली (ती येणार नाही असं मी धरूनच चालले होते), आणि डोळे तेविसाव्यावर परत आलेच नाहीत. थेट पंचविसावर. आवाज कापला नाही, उलट जरा जास्तच खणखणीत झाला. शेवटी "हे प्रभूचे वचन" म्हटलं आणि पुस्तक दोन्ही हातांनी, हळूच मिटलं, लहानपणी शिकवलं होतं तसं. मंडळी उभी होती. सगळं कसं आदबशीर.

बरं, ज्याला घाबरून उडी मारली त्याच्याच पुढ्यात जाऊन पडले. पंचविसावं आणि सव्विसावं वचन काय सांगतं, तर वाटेत आहेस तोवरच फिर्याद करणाऱ्याशी समेट कर, नाहीतर न्यायाधीश, शिपाई, तुरुंग, आणि मग शेवटची दमडी फिटेपर्यंत सुटका नाही. तेही वाचलं. तिसऱ्या बाकाकडे न बघता.

उपासना संपल्यावर आजींनी हात धरला. त्या मोठ्या अक्षरांच्या बायबलवर बोट फिरवत ऐकतात. म्हणाल्या, "बाळा, माझं बोट तिथंच राहिलं आणि तू पुढे निघून गेलीस." रागावल्या नाहीत. मी चष्म्याचं काहीतरी पुटपुटले. वर हे खोटं आणखी.

तेव्हापासून ते बोट डोळ्यांसमोरून जात नाही.

यहूदी सभास्थानात तोरा, म्हणजे त्यांचं शास्त्र, वाचताना चर्मपत्राला बोट लावत नाहीत, चांदीची किंवा लाकडाची काडी ओळीवरून फिरवतात. आणि वाचणारा अर्थ बदलेल असा चुकला, तर तिथल्या तिथे मोठ्याने टोकतात, त्याला मागे जाऊन वाचावं लागतं. मला आज कोणी टोकलं असतं तर बरं झालं असतं का? नको. मेलेच असते.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३६व्या अध्यायातला यहोयाकीम राजा आठवला. शेगडीपुढे बसलाय, यिर्मयाने सांगितलेल्या देववचनाची गुंडाळी वाचून दाखवताहेत, तीन-चार रकाने झाले की हा चाकूने कापतो आणि विस्तवात टाकतो. शिकवताना आम्ही त्याचं किती रंगवून सांगायचो! त्याने निदान सगळ्यांच्या देखत कापलं. मी चाकू न लावता कापलं, आणि वर आदराने पुस्तक मिटलं.

पण दर वेळी मीच का? त्या कागदांच्या वेळी गप्प कोण बसलं? आईच्या खोलीचं ठरलं तेव्हा? मला कोणी विचारलं होतं? तेव्हा कुणाला हे वचन आठवलं नाही. दोन वर्षं मीच गिळतेय, आणि सहा वचनं वाचायची वेळ आली तर तीही नेमकी माझ्याच वाट्याला.

आत्ता जाऊन ती दोन वाचली. मोठ्याने, दार लावून. तू दान वेदीजवळ आणलंस, आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मला वाटत होतं तिथे उलट आहे, माझ्या मनात तिच्याविरुद्ध काही असेल तर. तसं असतं तर माझ्याकडे पानंच्या पानं तयार होती. पण चूक कोणाची, हे त्या वाक्यात कुठेच विचारलेलं नाही. आणि येशूचं हे ऐकणारे गालीलातले. वेदी यरुशलेमेत, पायी तीनेक दिवसांची वाट. म्हणजे दान तिथे सोडून एवढं उलटं चालत जायचं, भाऊ दार उघडेल न उघडेल, आणि पुन्हा एवढंच चालत परत. ताई तर तिसऱ्या बाकावर होती. पंधरा पावलं असतील.

अर्पणाची थैली आली तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त टाकलं. हे लिहायचं नव्हतं.

वाचन सुरू होताना आपण उभे राहतो, त्याला आधार म्हणून नहेम्याचा आठवा अध्याय सांगतात. एज्रा शास्त्र्याने पाणीवेशीसमोरच्या चौकात ग्रंथ उघडला आणि सगळे लोक उभे राहिले. पहाटेपासून दुपारपर्यंत ऐकलं, रडले. हे आम्हाला पाठ. दुसऱ्या दिवसाचं कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना वाचताना मांडवांच्या सणाची आज्ञा सापडली, आणि लोक सरळ डोंगरावर गेले, जैतुनाच्या, खजुरीच्या डहाळ्या आणल्या, छपरांवर मांडव घातले. नूनाचा मुलगा यहोशवा याच्या काळापासून असं कोणी केलं नव्हतं म्हणे. वाचलं आणि डहाळ्या आणायला गेले, बस्स. मला उभं राहणं छान जमतं. डहाळ्यांचं काही विचारू नका.

खरं तर दोष त्या रोबेर एस्तिएनचा. याच मुद्रकाने १५५१ मध्ये नव्या कराराला वचनांचे आकडे घातले. आकडेच नसते, तर चार वाचली की सहा, कोण मोजणार होतं? (आजींचं बोट. हो, ते होतंच.)

साडेनऊला ताईला फोन लावला. तिने दुसऱ्या रिंगला उचलला, त्यानेच गडबडले. तिच्या गुडघ्याचं विचारलं. तिने माझ्या रजेचं विचारलं. पावणेदोन मिनिटं, फोनवर दिसतंय. जे बोलायचं ते जिभेवर आलं होतं, तेवढ्यात तीच म्हणाली, "घसा बसलाय का गं तुझा? सकाळी मध्येच अडखळल्यासारखी वाटलीस."

मी अडखळले नव्हते. आणि तिचं बायबल नेहमी उघडं असतं.

"नाही, ठीक आहे," म्हटलं. "बुधवारी घरी आहेस?"

"कुठे जाणार मी?" म्हणाली आणि ठेवला.