पडद्यावर २३,००० केल्विन

काचेवर थर चढवायच्या चेंबरमध्ये प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, पेटलेला असताना कुणी लाल बटण दाबलं, की ती बॅच गेली समजायची. अर्धवट थर कुणाच्याच कामाचा नसतो. नव्यानेच आलेल्या मुलाने त्या दिवशी तेच केलं. पडद्यावर ‘तापमान २३,००० के’ दिसलं आणि त्याचा हात बटणावर गेला.

शिफ्ट इन्चार्ज सगळ्यांदेखत त्याला नको ते बोलले. मला ते मुळीच पटलं नाही. पोलाद दीड हजार अंशांच्या आसपास वितळतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसरं काय करायचं? दोष सॉफ्टवेअरचा आहे. प्लाझ्मात खुपसलेल्या प्रोबने मोजलेलं इलेक्ट्रॉनांचं तापमान आणि थर्मोकपल या तापमापकाने मोजलेलं काचेचं, दोन्हींना तिथे एकच शब्द. काच तेव्हा जेमतेम साठ-सत्तर अंश सेल्सिअसवर होती.

मी त्याला बाजूला घेऊन बसले. तापमान म्हणजे कणांच्या सैरावैरा हालचालीची सरासरी ऊर्जा, एवढं त्याला येत होतं. एकाच भांड्यात दोन तापमानं नांदू शकतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. चेंबरमधल्या आर्गॉन वायूचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३,००० पट जड. चेंडू डोंगरावर आपटावा तसा इलेक्ट्रॉन त्याच्यावर आपटून परततो. एका साध्या टकरीत आपल्या ऊर्जेचा सरासरी छत्तीस हजारावा हिस्साच देतो. त्यात आतला दाब एक पास्कल, वातावरणाच्या एक लाखांश, म्हणजे टकराही मोजक्याच. म्हणून इलेक्ट्रॉन सेकंदाला नऊशे-हजार किलोमीटर वेगाने धावतात आणि शेजारचा आर्गॉन चारशे-पाचशे मीटरवरच राहतो. शिवाय हजारो अणूंमागे इलेक्ट्रॉन एखादाच. आमच्यासारख्या प्लाझ्मात घनमीटरभर इलेक्ट्रॉनांची ही ऊर्जा एकत्र केली, तरी एक ज्यूल भरत नाही.

त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, मग त्याला तापमान म्हणायचं तरी कशाला?”

मी म्हटलं, “अरे, इलेक्ट्रॉनांमधली ऊर्जेची वाटणी, म्हणजे किती ऊर्जेचे किती कण, मॅक्सवेलच्या नियमाने झालेली असली, की ती सगळी त्या एका आकड्यात मावते.”

असली, की! इतक्या कमी दाबाला ती पुष्कळदा तशी नसते. सगळ्यांत वेगवान इलेक्ट्रॉन आर्गॉनला उत्तेजित करण्यात ऊर्जा गमावतात, काही भिंतींकडे निसटतात, आणि या वाटणीच्या आलेखाचं ते वेगवान टोक झिजलेलं दिसतं. मी ते प्रोबच्या आलेखांत अनेकदा पाहिलंय. तरी वर्षानुवर्षं नोंदवहीत तो एकच आकडा लिहीत आले. त्या मुलाला हे सांगायचं राहिलं. उद्या आलेख समोर ठेवूनच सांगणार आहे.