तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रीम टीमला हरवणारे पाच

प्रश्न ठरलेला असतो. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या अमेरिकेच्या ड्रीम टीमला हरवायचं आहे. त्या बाराजणांपैकी कुणालाही हात लावायचा नाही. बास्केटबॉलच्या सगळ्या इतिहासातून बाकी हवे ते पाच घ्या. कोण घ्याल?

बहुतेक जण विचारता विचारताच स्वतःची पाच नावं सांगून टाकतात, आणि ती साधारण अशी असतात: कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स, करीम अब्दुल-जब्बार, विल्ट चेंबरलेन आणि तोंडी लावायला स्टेफ करी. पाचही थोरच. पण सात नामवंत चढाईपटू गोळा करून कबड्डीचा संघ होत नाही, तसाच हा प्रकार आहे. चेंडू एकच असतो. त्यामुळे आपले थोर कोण हे नंतर पाहायचं. आधी समोरच्याचं दुखणं कुठे आहे ते शोधायचं.

त्याहीआधी दोन गोष्टी ठरवून घ्या, नाहीतर रात्रभर वाद चालेल. पहिली, खेळाडू कोणत्या वयाचा. ड्रीम टीम 1992 च्या उन्हाळ्यातली धरायची असेल, तर लॅरी बर्ड पाठदुखीने बेजार आहे आणि ऑलिंपिक संपल्यावर दहा दिवसांतच तो निवृत्त होणार आहे. मॅजिक जॉन्सन बत्तीस वर्षांचा आहे, नोव्हेंबर 1991 मध्येच निवृत्त झालेला आहे आणि त्याचा गुडघाही दुखतो आहे. आपले खेळाडू मात्र ऐन भरातल्या वर्षातले घेतले, तर हा थोडा अन्याय आहे हे मान्य करून पुढे जायचं.

दुसरी गोष्ट नियमांची, आणि निवड खरं तर इथेच फिरते. मी बार्सिलोनाचेच नियम धरतो: वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, पाच फाउलला बाहेर, 28 बाय 15 मीटरचं कोर्ट, तीन गुणांची रेषा 6.25 मीटरवर, आणि रिंगखालचा भाग तेव्हाच्या फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) पद्धतीचा, एंड लाइनकडे (रिंगमागच्या सीमारेषेकडे) पसरत जाणारा. मुख्य म्हणजे झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखून केलेल्या बचावाला, पूर्ण मुभा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, त्या काळी झोनला बंदी होती, ती 2001 मध्ये उठली. उठली तीही अटीसह: बचाव करणाऱ्याने कुणाच्या अंगाला न भिडता रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. फिबात ही अट नाही. आपला सेंटर (रिंगजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू) रिंगखाली ठाण मांडून बसला तरी शिट्टी वाजत नाही.

आता समोरचे पाच. प्रशिक्षक चक डेली जोड्या सतत बदलत असे, पण निर्णायक सामन्याला मॅजिक, मायकेल जॉर्डन, स्कॉटी पिपेन, चार्ल्स बार्कली आणि सेंटरला डेव्हिड रॉबिन्सन किंवा पॅट्रिक युइंग उतरतील असं धरू. या संघाने आठ सामने सरासरी सुमारे 44 गुणांनी जिंकले. सर्वांत कमी फरक अंतिम सामन्यातला, क्रोएशियावर 117-85, म्हणजे 32. आठ सामन्यांत डेलीने एकदाही टाइमआउट घेतला नाही.

तरीही हा संघ एकदा हरला होता. ऑलिंपिकआधी, जून 1992 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे कॉलेजच्या पोरांशी झालेल्या सराव सामन्यात, 62-54. पोरांमध्ये बॉबी हर्ली, ॲलन ह्यूस्टन, ख्रिस वेबर, पेनी हार्डवे, ग्रँट हिल होते. डेलीने आपल्याच संघाला मुद्दाम हरू दिलं, असं त्याचाच सहायक माइक शिशेफ्स्की पुढे सांगत असे. जॉर्डनला त्या दिवशी फारसं खेळवलंही नव्हतं. ते खरं धरलं तरी हर्ली गार्डांना (रिंगपासून लांब, चेंडू हाताळत खेळणाऱ्यांना) चकवून आत घुसत होता आणि ह्यूस्टन बाहेरून नेमके शॉट टाकत होता, हे काही डेलीने ठरवून दिलेलं नव्हतं. चपळ गार्ड आणि दुरून नेम असलेला माणूस, ही त्यांची दुखरी जागा.

कारण उघड आहे. त्यांच्याकडे बाहेरच्या खेळाडूंना जखडून टाकणारे दोनच खरे राक्षस आहेत, जॉर्डन आणि पिपेन. मॅजिकला तेव्हा कुणातरी कमी धोक्याच्या माणसावर लपवावं लागतं. बार्कलीलाही रिंगजवळच ठेवावं लागतं, कारण त्याची खरी कमाई रिबाउंडची, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याची. म्हणून माझी निवड एका सूत्रावर आहे: आपले पाचही जण असे हवेत की मॅजिकला लपायला जागा उरू नये.

पॉइंट गार्ड स्टेफ करी, 2015-16 च्या मोसमातला. 402 तीन-गुणी, तेही 45.4 टक्क्यांनी. हिशोब साधा आहे: शंभर शॉटमागे 136 गुण. दोन-गुणी शॉटमधून तेवढे मिळवायचे तर 68 टक्के नेम लागेल. पण इथे एक गोम आहे. रेषा 6.25 वर आल्याने करीचा शॉट सोपा होतो हे खरं, मात्र रेषा जवळ आली की कोर्टही आक्रसतं. मदतीला येणाऱ्या बचावपटूला एक पाऊल कमी टाकावं लागतं. तेव्हा करीला रेषेवर उभं करायचं नाही. त्याने एनबीएच्याच अंतरावर, म्हणजे सव्वासात मीटरवर किंवा त्याही मागे राहायचं. गुण तेवढेच मिळतात आणि मधली मोकळी जागा वाढते.

दुसरा कवाय लेनर्ड, तोही 2015-16 चा. त्या वर्षी सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि तीन-गुणीचा नेम 44.3 टक्के. कोबीचे चाहते इथे उठून जातात. जा, पण ऐकून जा. कोबीला चेंडू हातात लागतो, आणि या संघात चेंडू लेब्रॉनकडे असणार आहे. लेनर्ड चेंडूशिवाय उपयोगी आहे आणि जॉर्डनसमोर उभा राहू शकेल असे जे मोजके जण आहेत, त्यांतला एक आहे. जॉर्डनला रोखणं त्याच्याकडून अपेक्षितच नाही. जॉर्डनला रिंगपर्यंत पोहोचू द्यायचं नाही आणि फाउल करायचा नाही, एवढंच काम. पाच-सहा मीटरवरून तो उडी मारून दोन-गुणी टाकतोय तर टाकू द्या. त्यातले निम्मे रिंगमध्ये गेले तरी शॉटमागे एक गुण पडतो. त्याने तीस गुण केले तरी चालेल, मात्र त्यासाठी त्याला तीस शॉट लागायला हवेत.

तिसरा केव्हिन ड्युरंट, 2012-13 चा. त्या वर्षी त्याचा फील्ड गोलचा (फ्री थ्रो सोडून बाकी शॉटचा) नेम 51, तीन-गुणीचा 41 आणि फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) 90 टक्क्यांच्या वर होता. फिबाच्या नियमांत तो किती धोकादायक आहे याचा पुरावाही आहे: 2012 च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात 30 गुण, 2016 च्या अंतिम सामन्यातही 30. त्याच्या उंचीवरून सुटणाऱ्या चेंडूला हात लावणं पिपेनलाही कठीण जाईल, मॅजिकचं तर सोडाच.

चौथा लेब्रॉन जेम्स, 2012-13 चा. फील्ड गोल 56.5 टक्के, तीन-गुणी 40.6. त्याला पॉवर फॉरवर्डच्या जागी खेळवायचं, कारण बार्कलीच्या धडका सोसायला तसंच अंग लागतं. शिवाय बार्कलीला त्याच्यामागे रिंगपासून दूर यावं लागेल. बार्कली दूर आला की त्यांचा रिबाउंडचा अर्धा कारभार आटोपला.

सेंटरवर सर्वांत जास्त वाद होतो, आणि माझ्या मते तिथेच उत्तर सर्वांत सोपं आहे. हकीम ओलाजुवॉन, 1993-94 चा. त्या एकाच मोसमात तो सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे तिन्ही एकाच वर्षी दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. ड्रीम टीमच्या दोन्ही सेंटरांना त्याने प्रत्यक्षात हरवलेलं आहे. 1994 च्या अंतिम मालिकेत त्याची सरासरी जवळपास 27, समोर युइंगची 19 च्या आसपास. 1995 मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत समोर रॉबिन्सन, नुकताच त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, आणि हकीमने सहा सामन्यांत सरासरी 35 च्या वर गुण केले. इतकी स्वच्छ साक्ष दुसऱ्या कुठल्याही सेंटरच्या बाजूने मिळत नाही.

शकील ओनील का नाही? फिबाचा रिंगखालचा भाग तळाशी रुंद असल्याने अंगाने ढकलत खेळणारा सेंटर रिंगपासून लांब ढकलला जातो. शिवाय त्याचा फ्री थ्रोचा नेम आयुष्यभराचा धरून 53 टक्क्यांच्या खाली. अटीतटीच्या शेवटच्या तीन मिनिटांत त्याला मुद्दाम फाउल करतील आणि आपल्याला त्याला बाहेर बसवावं लागेल. करीम आणि विल्टबद्दल तक्रार नाही. हकीम चार मीटरवरून वळून शॉट टाकतो आणि बचावात बाहेर धावत येऊन परतही जातो, म्हणून तो.

आता चाल. दर वेळी आधी पाहायचं की मॅजिक कुणावर उभा आहे. समजा लेनर्डवर. मग लेनर्डनेच वर येऊन करीसाठी स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याच्या बचावपटूच्या वाटेत आड उभं राहायचं, रिंगपासून साडेआठ मीटरवर. त्यांनी माणसं बदलली तर दुखऱ्या गुडघ्याचा मॅजिक करीसमोर मोकळ्यात सापडतो. नाही बदलली तर करीला अर्धा सेकंद मिळतो, तेवढा त्याला पुरतो. दोघे करीवर धावले तर चेंडू लेनर्डकडे, आणि पुढे तिघांविरुद्ध आपले चौघे. मॅजिकला ड्युरंटवर नेलं, तर ड्युरंटने येऊन स्क्रीन लावायचा. स्क्रीनला हकीमला मात्र पाठवायचं नाही, निदान रॉबिन्सन खेळत असताना. रॉबिन्सन इतका चपळ आहे की बाहेर येऊन करीला अडवून वेळेत परत रिंगखाली पोहोचेल. युइंग असेल तर खुशाल पाठवा.

झोन तेही लावतील, नियम दोघांना सारखेच. तेव्हा लेब्रॉनला फ्री थ्रो रेषेवर, झोनच्या पोटात उभं करायचं. चेंडू त्याच्या हातात गेला की सगळा झोन आत वळतो आणि बाहेर तीन नेमबाज मोकळे होतात.

बचावात आपली लपवायची जागा म्हणजे करी, हे आधीच कबूल करावं. समोरचे पाचही सहा फूट सहाच्या आसपास किंवा त्याहून उंच. मॅजिक सहा फूट नऊ. करीला मॅजिकवर ठेवलं तर मॅजिक पाठ करून ढकलत रिंगखाली नेईल. म्हणून ड्युरंट मॅजिकवर, लेब्रॉन बार्कलीवर, लेनर्ड जॉर्डनवर, आणि करी पिपेनवर. पिपेनच का? 1991-92 मध्ये त्याचा तीन-गुणीचा नेम वीस टक्के होता. तो बाहेर उभा असताना करी दोन पावलं आत सरकू शकतो. पिपेन आत घुसला की हकीम आहे. तीन मिनिटं हे, मग 2-3 झोन (पुढे दोघे, मागे तिघे), मग पुन्हा हे. जॉर्डनचाही त्या मोसमातला तीन-गुणीचा नेम 27 टक्केच होता, त्यामुळे झोन त्यांना खुपेल. पण त्यांचा नेमबाज ख्रिस मलिन मैदानात उतरला की त्याच क्षणी झोन गुंडाळायचा. 6.25 मीटरच्या रेषेवर मलिनला मोकळं सोडणं म्हणजे फ्री थ्रो देण्यासारखं आहे. त्याच्या बदल्यात मलिनचा बचाव मिळतो, सगळ्या स्क्रीन त्याच्या अंगावर न्यायच्या.

एवढं करूनही बिघडू शकतं, आणि बहुधा चेंडू गमावण्यातच बिघडेल. क्रोएशियाच्या टोनी कुकोचला त्या दोन संघांच्या पहिल्या सामन्यात पिपेन आणि जॉर्डनने असा पिळून काढला की त्याने चार गुण केले आणि सात वेळा चेंडू गमावला. (त्या दोघांच्याच क्लबचा, शिकागो बुल्सचा व्यवस्थापक जेरी क्राउस कुकोचच्या मागे लागला होता, त्याचा राग त्या दोघांनी कुकोचवर काढला.) करीला पाठीमागून, न बघता पास टाकायची खोड आहे. असे दोन पास पिपेनने उचलले की चार गुण तिथेच जातात, आणि प्रेक्षक त्यांच्या बाजूला. म्हणून अर्ध्या रेषेपलीकडे चेंडू लेब्रॉनच नेणार, करी हात मोकळे ठेवून धावणार. चाळीस मिनिटांत बारापेक्षा जास्त वेळा चेंडू गमावला तर बाकी सगळी आखणी फुकट. आपला शॉट सुटला की करी आणि लेनर्डने रिबाउंडकडे बघायचंही नाही, सरळ मागे पळायचं. मॅजिकचा लांब पास वाटेत अडवायला दोन माणसं मागे लागतातच.

दुसरा धोका हकीमचे फाउल. बार्कली त्याच्या अंगावर मुद्दाम जाणार. पहिल्या वीस मिनिटांत तिसरा फाउल झाला तर त्याला बसवावंच लागतं. तुम्ही पाचच विचारलेत, तरी सहावा मी केव्हिन गार्नेट घेईन. तो सेंटरला उभा राहील, पण मग झोन नाही.

आणि शेवटचा चेंडू? दोन गुणांनी मागे आहोत, बारा सेकंद राहिलेत. चेंडू लेब्रॉनकडे, मधोमध. करी डाव्या कोपऱ्यातून हकीमच्या स्क्रीनभोवती वर येतो. जॉर्डन त्याच्या मागे धावेल आणि पोहोचेलही. पिपेन लेब्रॉनचा डावा हात सोडणार नाही. ड्युरंट उजव्या बाजूला पाच मीटरवर उभा आहे, आणि त्याच्यासमोर तेव्हा मॅजिक असेल किंवा बार्कली. पास तिकडे.