चार छेद आणि पिवळा डबा

"उद्या दुपारी घरी जायचं," नर्सने सांगितलं आणि माझा पाराच चढला. सोमवारी नवऱ्याची गाठ झालेली उजवी किडनी काढली आणि बुधवारी घरी? आमच्याकडे डिलिव्हरीच्या बाईलासुद्धा एवढ्या लवकर सोडत नाहीत!

माझ्या डोळ्यांसमोर बाबा होते. 1998 साली मिरजेत त्यांची किडनी काढली, मुतखड्याने पार निकामी झालेली. कुशीत वीतभर चीर, शेवटच्या बरगडीचा तुकडाही काढावा लागला होता. बारा दिवस दवाखान्यात. खोकला आला की उशी पोटाशी आवळून धरायचे, डोळ्यांत पाणी यायचं. तीन महिने शेताकडे फिरकले नाहीत.

इथे इंग्लंडात, लीड्सला, ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, बारीक छेदांतून काम चालतं. किडनी आतल्या आत पिशवीत घालून बेंबीखालच्या जरा मोठ्या छेदातून अख्खी काढली, म्हणजे गाठ तपासायला नीट मिळते. गाठ मोठ्या शिरेत शिरलेली असती तर पोट उघडावंच लागलं असतं, असं सर्जन म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वॉर्डात चालवलं. जखमेपेक्षा खांदाच जास्त दुखत होता. पोटात उरलेल्या गॅसची कळ तिथे उमटते म्हणे.

हे सगळं मान्य. पण रात्री आठला "आता निघा" म्हणतात ते मला अजून पचलेलं नाही. ग्लानीतल्या माणसाला एकटं टाकून मी बसने घरी आले. मिरजेत आत्या बाबांच्या कॉटखाली चटई टाकून झोपायची, मामा डबा आणायचा. गर्दीने इन्फेक्शन होतं, कबूल. तरी बाबांना रात्री पाणी मागायला बेल दाबावी लागली नाही.

निघताना नर्सने हातात वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा दिला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून 28 दिवस रोज एक इंजेक्शन, आणि ते द्यायचं मी! मिरजेत कंपाउंडर घरी यायचा. तिने माझा हात धरून शिकवलं: कातडी चिमटीत धर, सुई सरळ घाल, नंतर चोळू नकोस. पहिल्या रात्री दहा मिनिटं सुई हातात घेऊन मी उभी होते. पाचव्या दिवशी कुकरची शिट्टी व्हायच्या आत काम उरकलं. सासूबाईंना बोलावलं नाही म्हणून सगळे रागावले आहेत. पण जानेवारीच्या थंडीत, गुडघे धरलेल्या बाईला आणून मी कुणाकुणाकडे बघितलं असतं?

फसवतात ते हे छोटे छेद. दहाव्या दिवशी हा ओल्या कपड्यांची बादली उचलायला निघाला. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, आतलं भरून यायला वेळ लागतोच. बादली मी हिसकावून घेतली.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांनी त्याला सदरा वर करायला लावला. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, खोकताना उशी धरता ना?"