कॅलेंडरवरचे शून्य

पुरंदरमधल्या आमच्या एकरभर हरभऱ्यात दोन कामगंध सापळे उभे आहेत. हेक्टरी ५ ही शिफारस एकरात बसवली की दोनच होतात. वर प्लास्टिकची टोपी आणि नरसाळे, मध्ये घाटेअळीच्या मादीचा गंध सोडणारी रबरी गोळी, म्हणजे ल्युअर, आणि खाली लोंबणारी लांब पिशवी, एवढाच सरंजाम. मी नोकरीमुळे पुण्यात असतो, त्यामुळे रोजची मोजणी वहिनी करतात. सकाळी पिशवीच्या तळाची गाठ सोडून त्या पतंग पाटीत झटकतात आणि कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने आकडा टाकतात.

गेल्या हंगामात त्या चौकटींत ओळीने शून्य होते आणि मी कोथरूडमध्ये निर्धास्त होतो. रविवारी शेतात उतरलो तर घाट्यांना, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगांना, गोल भोके पडलेली, आणि काही ठिकाणी अळी डोके आत खुपसून, अर्धे अंग बाहेर ठेवून दाणा खात होती. चूक माझीच होती. रबरी गोळीतला गंध साधारण तीन-चार आठवड्यांत विरत जातो आणि मी ती दोन महिने बदललीच नव्हती. आता ल्युअर बदलल्याची तारीखही त्याच कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली जाते.

सापळा लावला की फवारणी नको, असे ल्युअर विकताना सांगितले जाते, ते मला पटत नाही. सापडतात ते फक्त नर, आणि एक नर अनेक माद्यांशी जुगत असल्यामुळे दोन सापळ्यांनी अंडी घालणे थांबत नाही. शिवाय गंध ज्या किडीचा, तिचेच नर येतात. शेजारच्या टोमॅटोवरील टुटा ही पाने पोखरणारी कीड, जी २०१४ मध्ये पुण्याच्या परिसरात आढळली, तिचे नर या पिशवीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सापळ्याचा उपयोग वेळ कळण्यापुरता, पण ती वेळ मोलाची असते: सलग दोन-तीन दिवस प्रत्येक सापळ्यात ८ ते १० पतंग आले, की ओळीत वाकून अंडी आणि लहान अळ्या शोधायच्या.

या आठवड्यात एका सापळ्याचे आकडे ३, ५, ९, ८, १० असे आले आणि काल शेंड्यांवर बारीक अळ्याही दिसल्या. वहिनींनी कुटलेली पाच किलो निंबोळी फवारणीच्या अर्कासाठी रात्रीच भिजत घातली आहे. शंभर लिटर पाण्याला ती पुरेल.