अकरा भरले, दहा वाजले

"दहा वाजले ना? मग एकासाठी पोरांचा रोज कशाला बुडवताय?"

विहीरमालकाचं हे वाक्य संध्याकाळपासून डोक्यातनं जात नाहीये.

माण तालुक्यातली विहीर, खाली अखंड काळा पाषाण. सुरुंगाची भोकं अकरा भरलेली. मी लांब उभा राहून बोटांवर आवाज मोजले. दहाच आले.

आमच्या कामात न उडालेला सुरुंग सगळ्यात वाईट. दगडाच्या ढिगात गप पडून राहतो. पहार नाहीतर ड्रिल नेमकं त्याच्यावर पडलं की संपलं. म्हणून धूर निवळला तरी कुणाला खाली सोडलं नाही. चांगला वेळ जाऊ दिला, मग मी एकटाच उतरलो. कडेच्या भोकातनं वायर तशीच बाहेर आलेली, धुळीनं माखलेली. ते निस्तरेपर्यंत ऊन कललं.

मालक वाईट माणूस नाही. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढलेल्याला घाई होणारच.

१ एप्रिल २०२५ पासून सरकारनं इलेक्ट्रिक डिटोनेटरवर, म्हणजे सुरुंग उडवायच्या विजेवरच्या टोपीवर, बंदी आणली, ते बरंच झालं. पण विहिरीच्या काठावर, "उतरू द्या हो" म्हणणाऱ्यासमोर, नाही म्हणायला माणूसच लागतो.

पोरं मात्र बांधावर बसून एक शब्द बोलली नाहीत. जिवाची भीती त्यांनाही होती, पण रोज बुडायची जास्त. एकजण तर हेल्मेट घालून तयारच बसला होता.

सुरुंगामुळं काम थांबलं तर त्या वेळेचा बुडालेला रोज मजुरानं का सोसायचा?