हिरवळ खोडली, झाडी लावली

तीन दगड, त्यांच्याभोवती आखूड हिरवळ, वर मोकळं पाणी आणि त्यातून एकदम वळणारा निऑन टेट्रा या चिमुकल्या माशांचा थवा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे चित्र होतं. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी सजवलेल्या टाक्यांचे फोटो पाहिल्यापासून ती दगडांच्या मांडणीची जपानी इवागुमी पद्धत मनात बसली होती आणि टाकीही तिच्यासाठीच घेतली होती. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच. हिशोबाने ६४.८ लिटर, पण माती, लाकूड आणि वरची बोटभर मोकळी जागा वजा केली की पाणी मावतं जेमतेम ५० लिटर. दगड आणले, घासून धुतले आणि मग धाकट्या भावाला फोन केला. तो कित्येक वर्षं मासे पाळतो.

त्याने एवढंच विचारलं, "ताई, पाणी मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. टेस्ट किट आणून थेंब मोजले. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७.८, एकूण जडपणा म्हणजे जीएच १४, कार्बोनेटचा जडपणा म्हणजे केएच ९. पाणी चांगलंच जड निघालं. निऑन मूळचे अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले. आता विकायला येतात ते बहुतेक संवर्धन केंद्रात वाढलेले असतात आणि जड पाण्यातही तग धरतात. पण 'तग धरतात' हे शब्द मला टोचले. पाणी मऊ करायचं तर त्यात आरओचं पाणी मिसळायचं, तेही पाणी बदलताना दर वेळी, त्याच प्रमाणात. पीएच उतरवणाऱ्या बाटलीचा इथे फायदा नव्हता. केएच ९ असलं की आम्ल घातल्यावर पीएच खाली येतो आणि थोड्या वेळाने परत चढतो. ही वरखाली माशांना स्थिर ७.८ पेक्षा जास्त जाचते. मी ठरवलं, नळाला जे पाणी येतं त्यातच सुखाने राहील असा मासा शोधायचा.

त्याच संध्याकाळी दगडांवर व्हिनेगरचे थेंब टाकले. पांढऱ्या शिरांवर बुडबुडे फसफसले. चुनखडी. पाणी आधीच जड, त्यात हे दगड आणखी भर घालणार. ते बांधून ठेवले.

माशांच्या यादीतली नावं एकेक करून गळाली. सगळ्यांत जास्त वाईट वाटलं डेनिसन बार्बचं. लाल-काळ्या पट्ट्यांचा हा मासा पश्चिम घाटातल्या नद्यांचा, आणि त्याच्या प्रजातीला (जीनसला) २०१३ साली 'सह्याद्रिया' हे नाव मिळालं. पण तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, थव्याने राहतो आणि सुसाट पोहतो. ६० सेंटिमीटरच्या काचेत त्याला दोन वळणंही नीट घेता येणार नाहीत. शिवाय निसर्गात तो धोक्यात आहे. त्याच्या नावावर रेघ मारली.

मग सापडला गॅलक्सी रासबोरा. २००६ साली म्यानमारच्या शान पठारावर, हॉपाँगजवळच्या डबक्यांत तो प्रथम नजरेत आला आणि पुढच्याच वर्षी त्याला शास्त्रीय नाव मिळालं. 'मार्गारिटेटस', म्हणजे मोत्यांनी मढवलेला. दोन-अडीच सेंटिमीटरचा जीव, निळसर अंगावर मोतिया ठिपके, नराच्या परांवर लाल-काळे पट्टे. तिथलं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. माझ्या पाण्याशी त्याचं वाकडं नव्हतं. पण ती डबकी उथळ आणि पाणवनस्पतींनी गच्च भरलेली, आणि हा मासा भित्रा. उघड्या हिरवळीवर तो आक्रसून एका कोपऱ्यात बसणार. नर एकमेकांना सतत डिवचतात, तेव्हा हरलेल्याला नजरेआड व्हायला आडोसा लागतो.

म्हणजे चित्रच बदलायला हवं होतं. मी वहीचं पान उलटलं.

पुढचे दहा दिवस पुठ्ठ्याच्या खोक्याशी गेले. टाकीच्याच मापाचं खोकं, पुढची बाजू कापलेली, तळाशी वाळू. त्यात फांद्या असलेला ओंडका ठेवायचा, समोर जमिनीवर बसून पाहायचा, मोबाइलवर फोटो काढायचा. फोटोत जे खटकतं ते डोळ्यांना चटकन कळत नाही. पहिल्या मांडणीत ओंडका बरोबर मध्ये होता आणि टाकीचे दोन तुकडे पडल्यासारखे दिसत होते. तो डावीकडून एक तृतीयांशावर नेला, फांद्या उजवीकडे झेपावतील असा फिरवला, आणि लगेच खोली आली. मागे ९ सेंटिमीटर, पुढे ३ असा उतार दिला. वाळू घसरू नये म्हणून मागच्या भागात खाली जाळीच्या पिशव्यांत खडी भरली. काचेपासून चारही बाजूंना चार-पाच बोटं जागा सोडली, कारण काच पुसायला हात शिरलाच पाहिजे. सुंदर मांडणी करून तिथेच फसलेले लोक मी पाहिले आहेत. पुढे डाव्या कोपऱ्यात मुठीएवढी उघडी वाळू ठेवली. बाकी सगळीकडे झाडी.

ओंडका दोन आठवडे बादलीत बुडवला, रोज चहासारखं होणारं पाणी बदललं, तरी तो तरंगायचा. शेवटी खालून पाटीच्या दगडाला स्क्रूने जखडला. टाकीत गेल्यावर त्याच्यावर पांढरा, बुळबुळीत थर चढला. तो निरुपद्रवी असतो आणि आपोआप जातो, हे माहीत असूनही मी दिवसातून तीनदा बघत होते.

कार्बन डायऑक्साइडची नळी लावायची नाही, हे पक्कं होतं, त्यामुळे तिच्याशिवाय नीट न धरणाऱ्या आखूड गवताचा विषय संपलाच. मागे व्हॅलिस्नेरिया लावलं, ते जड पाण्यात जोमाने वाढतं. मधोमध क्रिप्टोकोरीन, फांद्यांवर जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियास, बेचक्यांत जावा मॉस, वर तरंगणारी साल्विनिया. फर्न आणि अ‍ॅन्युबियास दोऱ्याने बांधले. त्यांचं आडवं खोड मातीत पुरलं की कुजतं. क्रिप्टोकोरीनची पानं दुसऱ्याच आठवड्यात विरघळून गेली. ही झाडं बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्याखाली आली की जुनी पानं टाकतात. मुळं घट्ट होती म्हणून उपटली नाहीत. चौथ्या आठवड्यात तपकिरी-हिरवे कोंब आले.

मासे मात्र आणले नव्हते. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू टाकीत आधी हवेत. म्हणून थोडा अमोनिया घालून ते जिवाणू वाढवायचे, ते अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट करतात. पीएच जास्त असला की अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात असतो, म्हणून माझ्या पाण्यात घाई अजिबात चालणार नव्हती. नायट्राइट तिसऱ्या आठवड्यात किटच्या शेवटच्या रंगापर्यंत चढला. पाच आठवडे आणि तीन दिवसांनी अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले. मधल्या काळात काचेवर तपकिरी शेवाळं धरलं, तेव्हा दिवा आठ तासांवरून सहावर आणला आणि टायमर लावून टाकला.

बारा मासे आणले, चार नर, आठ माद्या. नळीने थेंब-थेंब पाणी सोडत दीड तास सरावू दिले, दिवा बंद ठेवला. पहिले चार दिवस मला एकही मासा धड दिसला नाही. रोज मोजायला बसायचे, सात, नऊ, परत सहा. भाऊ म्हणाला, "त्यांना सोबत म्हणून दुसरे मासे सोड, धीट होतील." बरेच जण तसं करतात, पण मला जागा कोंदायची नव्हती. मी साल्विनियाला वाढू दिलं. तिने अर्धा पृष्ठभाग झाकला, खाली सावलीचे ठिपके पडले, आणि नवव्या दिवशी सकाळी पाच जण ओंडक्याच्या फांदीखालून बाहेर आले. मॉसच्या गोळ्यासमोर दोन नर पर पसरून एकमेकांभोवती फिरत होते. एक हटला, क्रिप्टोकोरीनच्या पानाआड गेला, दुसऱ्याने पाठलाग सोडून दिला.

तळासाठी पिग्मी कोरीडोरास हे चिमुकले मासे घ्यावेत की काय, हे अजून ठरलेलं नाही. त्यांना वाळू उकरायला आवडते आणि माझ्याकडे ती मुठीएवढीच आहे. तूर्त एका मादीने, बहुधा अंडी घालायला, मॉसमध्ये शिरायला सुरुवात केली आहे, म्हणून या महिन्यात मॉसला कात्री लावायची नाही, असं वहीत लिहून ठेवलं आहे.